तालीम सुटली, खुराक राहिला

माणसाच्या अंगलटीविषयी बोलण्यासाठी मराठी घरांत शब्दांची कधीच वाण नव्हती. 'काटक', 'शिडशिडीत', 'अंगाने भरलेला', 'खात्यापित्या घरचा', 'सुटलेला', 'खंगलेला' असे कितीतरी शब्द आपल्या आज्या-मावश्या सहज वापरीत. वजनाचा काटा घरात आला तो फार उशिरा. त्याआधी माणसाचे मोजमाप या शब्दांनीच होत असे, आणि त्यांतला बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. 'खात्यापित्या घरचा' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात घरची सुबत्ता असते. 'काटक' म्हणताना त्या माणसाने उपसलेले कष्ट असतात. पहिल्या शब्दाचे नाते ताटाशी आहे, दुसऱ्याचे कामाशी. शरीराचा योग्य भार या दोहोंच्या मेळातून ठरतो हे भाषेला केव्हाच कळले होते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांत आज हा मेळ बिघडलेला दिसतो. बडोदे असो, इंदूर-ग्वाल्हेर असो, बेळगाव असो वा हैदराबाद. चार नातेवाईक जमले की मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. जेवणाच्या मेजावर मिठाच्या शेजारी गोळ्यांची डबी ठेवलेली असते. एखाद्याचे वजन वाढले की त्याच्या जिभेला दोष देऊन आपण मोकळे होतो. आमच्या मते या गोष्टीला एक इतिहास आहे, आणि तो व्यक्तीचा नसून घराचा आहे. कष्ट कमी होत गेले, त्या मानाने ताट बदलले नाही. किंबहुना कित्येक घरांत ते अधिकच भरत गेले. हे कसे घडले ते पाहिले, तर उपायही घरातच शोधावा लागेल हे पटते.

इ.स. १७३४ मध्ये दमाजीराव गायकवाडांच्या काळात बडोदे कायमचे मराठ्यांच्या हाती आले. त्याच सुमारास माळव्यात होळकर, शिंदे आणि पवार यांचे अंमल बसत होते. आपले पूर्वज या मुलखांत आले ते शिलेदार, बारगीर, कारकून, भिक्षुक, वैद्य, आचारी अशा नाना नात्यांनी. लेखणीचा माणूस असला तरी त्याला फौजेबरोबर मजल-दरमजल चालावे लागे, राहुट्या उभारताना हात लावावा लागे, नदी-नाले ओलांडावे लागत. स्वाराची शिदोरी मोजकी असे : भाकरी, कांदा, मिरची, मूठभर भाजलेले धान्य. मुक्कामी पोहोचून सणसमारंभ साधला, तर तूप आणि गोडधोड. असे अन्न पचवणारे शरीर दिवसभर घोड्यावर किंवा पायांवर असे, आणि गोडाचा दिवस महिन्यातून एखादा उगवे.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी स्थिरावली आणि तिचेच पुढे शहर झाले. त्या शहराला अजूनही 'लष्कर' म्हणतात. चालता तळ बसता झाला, याची इतकी बोलकी खूण दुसरी सापडणार नाही. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह होऊन होळकरांचे राज्य इंग्रजांच्या तैनातीत गेले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. मोहिमांचे दिवस संपले. सरदारांच्या पागा उरल्या त्या बहुतांशी मिरवणुकीपुरत्या. वाडे बांधले गेले, मुदपाकखाने वाढले, आणि जे अन्न पूर्वी मोहिमेच्या शेवटी मिळे ते ऐपतदार घरांत नित्याचे होऊ लागले. मानमरातबाचा एक भाग म्हणून ताट टिकले. ते जिरवणारी दौड मात्र इतिहासजमा झाली. आपल्या समाजात वजनाचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो या वरच्या थरात.

सामान्य घरांत मात्र तो आणखी शंभर-सव्वाशे वर्षे आला नाही, कारण तिथे घर चालवणे हीच मेहनत होती. पहाटे जात्यावर दळण, उखळात कांडण, आडावरून पाणी शेंदणे, पाट्यावर वाटण, अंगण सारवणे, चुलीसाठी लाकडे फोडणे, गाई-म्हशींची उस्तवार. पुरुषांची कचेरी असली तरी तिथवर जाणे-येणे पायी. मुलांना शाळेला पाठवण्यासाठी वाहन जोडण्याची कल्पनाच नव्हती. दिवसाच्या कामाचा हा ताळेबंद मांडला, तर 'व्यायाम' असा वेगळा रकाना त्यात घालण्याची गरज पडत नाही.

जेवणाचेही तसेच. पान वाढण्याची आपली रीत ठरलेली होती. वर मध्यावर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी वा उसळ, मध्ये भात-वरण, मग पोळी किंवा भाकरी, शेवटी ताक. चटणी चिमूटभर, गोड असलेच तर वाटीभर, भाजी दोन परींची. एका पंगतीत बसलेल्या सर्वांना सारखेच वाढले जाई, त्यामुळे एखाद्याने केवळ आवडीचेच खावे याला वाव नसे. पंगत उठली की स्वयंपाकघर मिटे, आणि मधल्या वेळी तोंडात टाकायला शेंगदाणे, गूळ किंवा कुरमुरे यांपलीकडे फारसे काही हाताशी नसे.

हे चित्र रम्य वाटते, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मेहनतीचा मोठा वाटा स्त्रियांच्या अंगावर पडे आणि पंगतीत त्यांचे पान सर्वांत शेवटी मांडले जाई. पुरुष, पाहुणे आणि मुले जेवून उठल्यावर पातेल्यात जे उरेल ते त्यांचे. बाळंतपणे, उपवास आणि अर्धपोटी कष्ट यांनी खंगलेल्या कितीतरी बायका आपल्या वंशावळींत नुसत्या 'प्रथम पत्नी' म्हणून उरल्या आहेत. जुन्या घराचा तोल त्यांच्या शरीरांनी पेलला होता. तेव्हा जाते पुन्हा मांडा आणि बायकांना त्यावर बसवा, असा या लेखाचा आशय मुळीच नाही. त्या व्यवस्थेतून काय घ्यावे आणि काय टाकावे, हे निवडून पाहायचे आहे.

अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्था दोषास्पद मानण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' या नावाचा आहे. निंद्य समजलेल्या आठ शरीरांत या दोहोंची चर्चा तिथे सर्वाधिक विस्ताराने येते. व्यायाम नसणे, दिवसा झोपणे, गोड व स्निग्ध अन्नाचा अतिरेक ही स्थूलतेची कारणे तिथे दिली आहेत, आणि उपायांत जव, मूग, कुळीथ यांसारखी धान्ये-कडधान्ये सुचवली आहेत. दोहोंपैकी काय बरे, असा प्रश्न आला तेव्हा ग्रंथकाराने कृशतेच्या बाजूने कौल दिला आहे. कुळथाचे पिठले आपल्या घरांत होते, पण त्यामागचा विचार वैद्याच्या पोथीत राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा विचार पोथीतून बाहेर आला, आणि तो आणणाऱ्यांत राजे होते ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्यांची कामे इतर लोक करीत आणि ज्यांच्या पानात कशाची उणीव नव्हती, त्यांनाच व्यायाम मुद्दाम शोधावा लागला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे याचे ठळक उदाहरण. १८९७ साली त्यांनी युजेन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेटाने चालवली. पुढे १९०८ मध्ये मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. या व्यायामाला यंत्र लागत नाही, जागा सतरंजीएवढी पुरते आणि खर्च शून्य, हे त्यांच्या ध्यानी आले. राजेसाहेबांनी तो स्वतःपुरता ठेवला नाही. राणीसाहेब आणि मुले यांनी तो केला, संस्थानातल्या शाळांत तो शिकवला गेला, आणि १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. सूर्यनमस्कारांबरोबर त्यांनी आहाराचाही विचार मांडला. राजाच्या घरात सगळे कुटुंब एकाच नियमाने वागू लागले तेव्हा प्रजेने तो उचलला, हा यातला खरा धडा आहे.

आमच्या बडोद्याची कथा याहून जुनी आणि अधिक पसरलेली आहे. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. मोकळ्या रानातून राजवाड्यात आलेल्या या मुलाच्या शिक्षणात कुस्ती, मल्लखांब आणि घोडेस्वारी यांना जागा होती. तरीही राज्यकारभाराच्या बैठकीने प्रकृतीवर परिणाम केलाच. निद्रानाशाने त्रासल्यामुळे हवापालटासाठी ते १८८७ साली पहिल्यांदा युरोपास गेले. तालमींना त्यांनी दिलेल्या आश्रयाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यात निव्वळ शौक दिसत नाही.

जुम्मादादा या उस्तादांच्या तालमीत तयार झालेले राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी त्या तालमीचे 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' असे नामवंत संस्थेत रूपांतर केले. मल्लविद्येबरोबर सामुदायिक कवायत, लाठी, लेझीम यांचे शिक्षण त्यांनी शिस्तीने दिले. कवायतीचे हुकूम देशी भाषेत आणले. हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे बडोदे संस्थानातल्याच डभोईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासण्याचा उपक्रम तिथे सुरू झाला. याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या वर्षांत दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात हे काम मराठीत व्हावे, हा आपल्या वसाहतीच्या इतिहासातला मानाचा भाग आहे.

मात्र तालमीचे एक अंग आपल्या घरांत जरा वेगळ्या रीतीने उतरले. तालमीत जाणाऱ्या मुलाला 'खुराक' लागे : दूध, तूप, बदाम, शिरा. शेकडो जोर-बैठका काढणाऱ्याला तो योग्यच होता. त्यावरून आया-आज्यांनी असा निष्कर्ष काढला की दूध-तूप-शिरा म्हणजे ताकद. पुढच्या पिढीने तालीम सोडली, त्याच्यापुढची कचेरीत बसली. खुराकाचा संस्कार मात्र चालत राहिला. परीक्षेच्या दिवसांत मुलाला शिरा, आजारातून उठलेल्याला तूप, जावयाला आग्रह, नातवंडाला 'अजून एक पोळी'. प्रेम व्यक्त करण्याची आपली सारी भाषा वाढण्याच्या पळीत आहे. ही भाषा घडली तेव्हा घरात टंचाई होती किंवा अंगमेहनत होती. आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत दोन्ही नाहीत.

त्या काळच्या टंचाईची आठवण एका प्रयोगाने होते. निलगिरीतल्या कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी आहारविषयक संशोधनाचे केंद्र सुरू केले. हेच केंद्र पुढे हैदराबादेस हलले आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाते. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा रोजचा आहार उंदरांना देऊन मॅकॅरिसन यांनी त्यांच्या वाढीची तुलना केली. त्यात शीख आहारावरचे उंदीर सर्वांत वजनदार निघाले. त्याखालोखाल पठाणी आणि तिसऱ्या स्थानी मराठा आहार. गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी आहार त्यांच्या मागे. पहिल्या आणि शेवटच्या गटांच्या सरासरी वजनांत २३५ आणि १५५ ग्रॅम इतके अंतर होते. मराठा आहाराचा आकडा २२५ होता. आपल्या साध्या जेवणासाठी ही चांगलीच शिफारस म्हणायची. पण प्रयोगाचा रोख काय होता, ते पाहावे. कोणाचे वजन पुरेसे वाढते, हा प्रश्न होता. पुरेसे खायला मिळत नव्हते त्या देशात वजन वाढणे हे आरोग्याचे लक्षण ठरले तर नवल नाही. मापाचा तो अर्थ आपल्या मनात रुजला आणि परिस्थिती उलटल्यावरही टिकून राहिला.

अशक्त प्रकृतीलाही कामानेच बळ येते, याचा दाखलाही बडोद्याशी नाते सांगणाऱ्या एका पुरुषात सापडतो. गागोद्यास १८९५ मध्ये जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, बडोद्यात वाढले आणि शिकले. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईस निघाले, वाटेत सुरतेस उतरून काशीला गेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींना जाऊन मिळाले. पुढे प्रकृतीसाठी आणि अध्ययनासाठी आश्रमातून रजा घेऊन ते वाईस राहिले. त्या वर्षाचा हिशेब त्यांनी १९१८ मध्ये गांधीजींना पत्राने कळवला. प्रकृती सुधारण्यासाठी आधी लांबवर चालणे, मग रोज जात्यावर धान्य दळणे आणि नंतर तीनशे सूर्यनमस्कार असा त्यांचा क्रम होता, आणि त्याने तब्येत सुधारली असे त्यांनी नोंदवले. एका पुरुषाने, तेही विद्वान ब्राह्मण घरातल्या, जाते आपल्याकडे ओढून घेतले, ही त्यातली विशेष गोष्ट. जे काम बायकांचे म्हणून ठरले होते ते त्यांनी स्वतःच्या प्रकृतीसाठी केले. हाच माणूस १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी चालला.

स्वातंत्र्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या घरांतली मेहनत झपाट्याने ओसरली. पिठाच्या गिरणीने जाते उचलले, नळाने रहाट बंद केला, गॅसने चूल विझवली, मिक्सरने पाटा-वरवंटा भिंतीला टेकवला, स्कूटरने पाय थांबवले. यातल्या प्रत्येक सोयीचे आम्ही स्वागतच करतो. घरातल्या बाईच्या पाठीवरचा भार तिने उतरवला. पण याच काळात ताटही दुसऱ्या बाजूने बदलत होते. साखरधंद्याला १९३२ साली संरक्षण मिळाले, कारखाने वाढले आणि साखर स्वस्त झाली. १९३७ मध्ये वनस्पती तुपाचा 'डालडा' बाजारात आला. चहा घरोघर दिवसातून तीन-चारदा होऊ लागला आणि प्रत्येक कपाबरोबर साखर पोटात जाऊ लागली. सरकारी कचेऱ्यांत आमची हयात गेली. तिथल्या दिवसात चालणे टेबलापासून टेबलापर्यंतचे आणि चहा मात्र दर फाइलीला, असा प्रकार आम्ही जवळून पाहिला आहे.

त्यातच शेजारधर्माने आलेले पदार्थ होते. वाटाण्याची उसळ आणि गुजराती शेव यांचा संगम होऊन बडोद्याची शेव-उसळ जन्मली. आपल्या वसाहतीचा इतिहास एका ताटलीत पाहायचा तर तीच पाहावी. इंदुरास पोह्यांच्या जोडीला जिलबी आली, बेळगावास कुंदा, ग्वाल्हेरीस बेडई. हे सारे आपल्या जिव्हाळ्याचे आहे आणि ते सोडा असे सांगण्याइतके आम्ही अरसिक नाही. मात्र आठवड्यातून एकदा बाहेर जाऊन खाण्याचा पदार्थ रोज सकाळी पुड्यातून घरी येऊ लागला, की त्याचे नाते सणाशी राहत नाही. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतात, पिष्ट आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममधून चार. तळलेली मूठभर शेव आणि वाटीभर पातळ आमटी यांत पोटाला जे कळत नाही ते या हिशेबाला कळते.

नव्या संशोधनाने या इतिहासात आणखी एक पान घातले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. पण इंग्रज गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही मेद दडलेला असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले. त्यांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळे वजनाने कमी असूनही मेदाच्या बाबतीत तशी कमी नसल्याचे आढळले. आईच्या पोषणाचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. जिच्या पानात शेवटी उरलेले पडे, तिच्या उपासमारीचा परिणाम पुढच्या पिढीच्या अंगावर उमटतो, असे या संशोधनाची दिशा सुचवते. पंगतीतला अन्याय असा रक्तात उतरत असेल, तर त्याला घरगुती बाब म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणूनच आपल्यासाठी डॉक्टर मंडळी कमी मर्यादा सांगतात : निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे स्थूलता, कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के आहे आणि मधुमेहाचे ११.४ टक्के. पूर्वी संस्थानिकाच्या वाट्याला आलेली अवस्था, म्हणजे भरलेले पान आणि बसलेले शरीर, आता सर्वांच्या दारी आली आहे. राजाला निदान आपल्याला काही करावे लागेल हे उमगले होते.

आपण काय करावे, याचे उत्तर जुन्या पानातच बरेचसे सापडते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रे दिली, त्यांत दिवसाच्या दोन हजार उष्मांकांच्या ताटासाठी सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये वा तत्सम प्रथिने, ३५ ग्रॅम तेलबिया-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप, शिवाय दूध-दही असे प्रमाण आहे. हे ताट आपल्या आजीच्या पानाशी ताडून पाहावे. डावीकडची कोशिंबीर आणि उजवीकडची भाजी-उसळ यांना त्यांची जुनी जागा परत द्यायची आणि मधला भाताचा ढीग उतरवायचा, एवढाच बदल आहे. आज आपल्या बहुतेक ताटांत कोशिंबीर चमचाभर आणि चटणीसारखी उरली आहे.

पण कुटुंबातल्या एकासाठी वेगळे पथ्याचे शिजवून हे साधत नाही. ज्याला 'तुझे वेगळे' असे वाढले जाते तो पाहुण्यासारखा एकटा पडतो, आणि पंधरा दिवसांत पथ्य मोडतो. घरातल्या सर्वांचे एकच जेवण, एकाच वेळी, आणि करणारीचे पान सर्वांबरोबर मांडलेले. ही नवी पंगत झाली पाहिजे. तेलाचा आणि साखरेचा महिन्याचा खप घरातली माणसे मिळून मोजू लागली, तर त्यात कोणा एकाला दटावण्याची वेळ येत नाही. आग्रहाची जुनी हौस कायम ठेवायची असेल, तर तो काकडीच्या कोशिंबिरीचा आणि ताकाचा करावा.

कष्टांच्या बाबतीतही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम मेहनत सांगितली आहे. वृद्धांसाठी त्याबरोबर तोल आणि ताकद टिकवणारे व्यायाम. बाजारहाट पायी करणे, केर-लादी, कपडे वाळत घालणे, बागेची खुरपणी, पाणी भरणे, कणीक मळणे या कामांत या मिनिटांतली बरीचशी निघतात. अट एकच की ती घरातल्या सर्व हातांत वाटली जावीत. निवृत्त आजोबांनी वर्तमानपत्रावरून उठून लादी पुसली, तर सुनेचा एक भार उतरतो आणि आजोबांच्या कंबरेचा घेरही. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना हृदयाचा विकार आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारून आपली मर्यादा ठरवावी. सूर्यनमस्कार जमत असतील तर उत्तमच. त्यांना अजूनही सतरंजीएवढीच जागा लागते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या अजून आहेत. मोडी किंवा बाळबोध अक्षरांत त्यांत महिन्याचे धान्य, तूप, तेल, गूळ, साखर यांची नोंद असते. घरात माणसे किती होती तेही वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी उघडाव्यात आणि त्या वर्षीची माणशी साखर व तेल काढून आजच्या किराणा बिलाशी ताडून पाहावे. त्याशेजारी त्या घरातले पाणी कोण भरी, दळण कोण दळी आणि कोण कुठवर पायी जाई, हेही विचारून लिहून ठेवावे. मंडळाकडे अशा वीस-पंचवीस घरांच्या नोंदी जमल्या, तर आपल्या समाजाच्या शरीराचा इतिहास आपणच लिहू शकू. आणि ज्या घरातून नोंद येईल, त्या घराला आपल्या चालू महिन्याचे बिल वाचण्याची सवय तोवर लागलेली असेल.